विचारा बिनधास्त: बाबांचं टॅली आणि माझं फ्रीबीएसडी, एकाच लॅपटॉपवर

गेल्या अंकात ड्युअल बूटवर, म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्यावर, चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात एकच लॅपटॉप, विंडोज 11, 512 जीबीचा एसएसडी, आणि बाबांचं टॅली, जीएसटी, सगळं त्यावरच. कॉलेजात लिनक्सवर प्रॅक्टिकल झाले पण मला बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातलं काहीतरी वापरून बघायचंय, म्हणून विंडोज न घालवता फ्रीबीएसडी टाकायचंय. बाबा म्हणतात माझा डेटा गेला तर तुझं इंजिनिअरिंग पण गेलं. कसं करू?

उत्तर: बाबांचं बरोबर आहे, म्हणून त्यांच्या कामापासूनच सुरुवात कर. टॅलीचा बॅकअप टॅलीच्याच डेटा मेनूतून घे, तो बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर टाक, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर रिस्टोअर करून उघडतोय का ते बघ. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. बाकी रिटर्नच्या फाइल्स, फोटो, डेस्कटॉपवर पडलेलं सगळं पण कॉपी करून ठेव. आणि महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास हे काम अजिबात काढू नको, त्या दिवसांत बाबांना लॅपटॉप लागणार आणि तुला शिव्या.

दुसरं, आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरं, आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) फ्रीबीएसडी टाकून आठवडाभर खेळ. रॅम 8 जीबी असेल तर त्यातली 2 जीबी दिली तरी टर्मिनलवरचं काम मस्त चालतं. तिथं चुकलीस तर नुसती एक फाइल उडते. शेल (कमांड द्यायची जागा), जेल्स (प्रोग्रॅम वेगळे कोंडून चालवायची सोय), पोर्ट्स (सॉफ्टवेअर टाकायची सोय) एवढंच बघायचं असेल तर कदाचित तुला ड्युअल बूटची गरजच पडणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतेय. पण ड्रायव्हर, ग्राफिक्स, बॅटरी, बूट कसं होतं हे खऱ्या मशीनवर बघायचं असेल तर मग पुढं वाच.

ड्युअल बूटमध्ये लोक इन्स्टॉलरला घाबरतात, पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक गोष्टी त्याच्या आधी विंडोजमध्ये करायच्या राहिलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे एन्क्रिप्शन, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं. हल्लीच्या लॅपटॉपवर, होम एडिशन असली तरी, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू झालेलं असतं, घरात कुणाला पत्ता नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी खाली बघ. चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, ती काढून कागदावर लिही, फोनमध्ये पण ठेव, फक्त त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नको (हसू नको, करतात लोक). हे का, तर फ्रीबीएसडीसाठी तुला बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागणार, आणि ते बंद झालं की विंडोजला वाटतं मशीनशी कुणीतरी छेडछाड केली, मग निळी स्क्रीन टाकून ती की मागत बसतं. की हातात असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर बाबांचा डेटा कुलपात. सगळ्यात सोपं म्हणजे एन्क्रिप्शन आधी बंदच करायचं आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबायचं, चार्जर लावून. मात्र नंतर लॅपटॉप हरवला तर डेटा कुणीही वाचू शकतं, हे बाबांना सांगूनच कर, मनानं नको.

विंडोज 11 ला सिक्युअर बूट सपोर्ट असलेलं मशीन लागतं, पण ते कायम चालूच ठेवलं पाहिजे असं नाही, त्यामुळे विंडोज बंद पडणार नाही. भाऊ व्हॅलोरंट खेळत असेल तर मात्र त्याला आधी सांग, तो गेम विंडोज 11 वर सिक्युअर बूट मागतो.

मग फास्ट स्टार्टअप. विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणजे कर्नल डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उठतं. अशा झोपलेल्या ड्राइव्हवर दुसऱ्या सिस्टिममधून काही लिहिलंस तर फाइल सिस्टिमचं वाटोळं होऊ शकतं. म्हणून कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद कर, किंवा सरळ हायबरनेशनच बंद कर, त्याबरोबर फास्ट स्टार्टअप पण जातं आणि काही जीबी जागा मोकळी होते ती वेगळीच.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तुझी 512 ची डिस्क तिथं 476 च्या आसपास दिसेल, घाबरू नको, मोजायची पद्धत वेगळी आहे. फ्रीबीएसडी आणि डेस्कटॉपला 80 जीबी भरपूर झाले, तिथं आकडा एमबीत मागतात म्हणून 81920 टाक. कधीकधी 200 जीबी रिकामे असूनही तो 15 जीबीच्या वर श्रिंक करू देत नाही, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट या न हलणाऱ्या गोष्टी ड्राइव्हच्या शेवटाला जाऊन बसलेल्या असतात. ते तिन्ही तात्पुरतं बंद कर, रिस्टार्ट कर, परत श्रिंक कर, मग हायबरनेशन सोडून बाकीचं चालू कर. मोकळी झालेली जागा अनअलोकेटेडच ठेवायची, तिथं विंडोजमधून नवीन ड्राइव्ह बनवत बसायचं नाही.

फ्रीबीएसडीच्या साइटवरून एएमडी64 ची मेमस्टिक इमेज घे (नावात एएमडी असलं तरी इंटेलला पण तीच लागते), चेकसम (डाउनलोड धड झालंय का ते तपासायचा आकडा) जुळव, आणि रुफस या टूलनं पेनड्राइव्हवर टाक, रुफसनं विचारलं तर डीडी मोड. मग पेनड्राइव्हवरून बूट. बूट मेनूची की कंपनीनुसार बदलते, डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ12, एचपीला एफ9, असुसच्या लॅपटॉपला एस्केप.

इन्स्टॉलर निळ्या-करड्या चौकटींचा आहे, माउस नाही, पण सरळ आहे. जीव मुठीत धरायचा तो एकाच स्क्रीनवर, पार्टिशनिंगच्या. तिथं (झेडएफएस आणि यूएफएस या डिस्कवर फाइल्स ठेवायच्या दोन पद्धती) पहिलाच पर्याय ऑटो झेडएफएस असतो, हायलाइट झालेला, आणि एंटर दाबत दाबत आलेला माणूस तो पण दाबून मोकळा होतो. तो निवडला की अख्खी डिस्क जाते, विंडोजसकट. झेडएफएस उत्तम आहे, मी स्वतः वापरते, पण शेजारी विंडोज असताना ते हातानं बसवावं लागतं आणि पहिल्या वेळी ते नकोच. तू ऑटो यूएफएस घे, मग तो विचारेल एंटायर डिस्क की पार्टिशन, तिथं पार्टिशन. पुढं पार्टिशन एडिटर उघडेल, त्यात विंडोजच्या सगळ्या ओळी दिसतील आणि खाली रिकाम्या जागेत नवीन यूएफएस आणि स्वॅपच्या (रॅम कमी पडली तर लागणारी जागा) ओळी आलेल्या दिसतील. एनव्हीएमई डिस्कचं नाव फ्रीबीएसडी 14 पासून एनडीए0 असं दिसतं, तुझा पेनड्राइव्ह डीए0, यात गल्लत करू नको. जुन्या एकाही ओळीला हात लावायचा नाही, विशेषतः ती छोटी ईएफआय (efi) लिहिलेली, 100 किंवा 260 एमबीची, कारण विंडोजचं बूट तिच्यातूनच होतं, फ्रीबीएसडी आपली लोडर फाइल तिथंच शेजारी ठेवतं आणि दोघं गुण्यागोविंदानं राहतात. सगळं बरोबर वाटलं तरी फोटो काढ, श्रिंक करताना लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघ, आणि मगच फिनिश आणि कमिट. कमिट दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं, शंका आली तर तिथून मागं फिरता येतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेज बहुतेक रेड (RAID) किंवा इंटेल आरएसटीवर असेल. ते थेट एएचसीआयवर (डिस्कशी बोलायची साधी पद्धत) नेऊ नको, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उठलं की ते नवीन ड्रायव्हर पकडतं, मग सेफ मोड काढायचा.

बूट मेनूसाठी वेगळं काही टाकायला मी सांगणार नाही. रीफाइंड म्हणून एक छान मेनू आहे, दिसायला पण भारी, पण बाबांचं मशीन आहे, त्यांना नेहमीसारखं बटण दाबलं की विंडोज आलं पाहिजे. म्हणून बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेव, आणि तुला फ्रीबीएसडी हवं तेव्हा एफ12 दाबून निवड. पुढे कधी एन्क्रिप्शन परत चालू केलंस तर याचा अजून एक फायदा, विंडोज दुसऱ्या कुठल्या मेनूतून सुरू केलं की ते परत की मागू शकतं, थेट सुरू केलं की गप असतं.

प्रश्न: लिनक्स काय आणि फ्रीबीएसडी काय, दोन्ही एकच ना? उगाच वेगळेपणाचा आव कशाला? (पुणे, आणखी कुठून येणार)

उत्तर: टर्मिनलवर बसल्यावर पहिला तासभर एकच वाटतं, हे मान्य. पण बेल लॅब्जमध्ये 1969 साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, ते बर्कली विद्यापीठात गेलं, तिथल्या लोकांनी त्यात एवढी भर घातली की बीएसडी नावाची शाखाच झाली, आणि फ्रीबीएसडी 1993 मध्ये त्या कोडमधून निघालं. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये लिनक्स कर्नल लिहिलं ते नव्यानं, युनिक्ससारखं वागणारं. वापरताना जाणवणारा फरक म्हणजे लिनक्समध्ये कर्नल एकाचं, बाकी टूल्स दुसऱ्यांची, आणि डिस्ट्रोवाले (उबंटू, मिंटसारखे) ते एकत्र बांधतात, तर फ्रीबीएसडीत कर्नल आणि मूळ टूल्स एकाच टीमची, एकाच कोड रिपॉझिटरीतली, आणि त्यांची मॅन्युअल पानं वाचण्यासारखी आहेत. प्लेस्टेशन 4 च्या आतली सिस्टिम फ्रीबीएसडीवरून बनवलेली आहे आणि नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर पण त्यावरच चालतात. लॅपटॉपवर मात्र लिनक्स पुढं आहे, त्यात वाद नको.

प्रश्न: ताई, कुडाळहून लिहितोय. फ्रीबीएसडी 14 टाकलं, बूट झालं, लॉगिन झालं, पण वायफाय दिसतच नाही. इंटरनेट नाही म्हणून काही डाउनलोड करता येत नाही आणि डाउनलोड केल्याशिवाय वायफाय चालणार नाही असं वाटतंय. अडकलोय.

उत्तर: फोन आहे ना? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोड, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. फ्रीबीएसडीला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, यूई0 नावानं. दिसला नाही तर आयएफ_यूआरएनडीआयएस (if_urndis) हे मॉड्यूल लोड कर, मग डीएचक्लायंट (dhclient ue0) चालव, नेट आलं. डेस्कटॉप, ब्राउझर सगळं मिळून डाउनलोड सहज एखाद जीबीच्या वर जातं, तेव्हा रोजचं दीड जीबीवालं पॅक असेल तर एका दिवशी डेस्कटॉप आणि बाकी दुसऱ्या दिवशी, असं कर.

नेट आलं की एफडब्ल्यूगेट (fwget) नावाचं टूल चालव, ते कार्डाला लागणारं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) शोधून आणतं. आता कार्ड कुठलं ते विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघ, खरं तर हे इन्स्टॉल करायच्या आधी बघायचं असतं. इंटेल असेल तर तू नशीबवान, बहुतेक चालतात, आणि 14.3 पासून स्पीड पण सुधारलाय, त्याआधी नवीन इंटेल कार्डं पण जुन्या 802.11जी वायफाय स्टँडर्डच्याच वेगानं रांगायची. रियलटेकमध्ये काही चालतात, काही नाही. मीडियाटेक असेल तर त्याच्यामागं रात्र घालवू नको. वायफायबॉक्स म्हणून एक जुगाड आहे, फ्रीबीएसडीच्या आत एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालतं आणि त्याच्या ड्रायव्हरनं वायफाय चालतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण चालतं. कार्ड बदलता येत असेल तर इंटेल एएक्स210 घे. एएक्स211 किंवा 201 घेऊ नको, ती फक्त ठराविक इंटेल मशीनमध्येच चालतात आणि दुकानदार सगळी एकाच भावात एकच म्हणून विकतो. काही लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, विकत घ्यायच्या आधी खालचं झाकण उघडून बघ.

आणि झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपेल ही अपेक्षा पण जरा आवर. नवीन लॅपटॉपना फक्त मॉडर्न स्टँडबाय येतो, जुना एस3 स्लीप कंपन्यांनी काढून टाकला, आणि फ्रीबीएसडी 14 ला तो नवीन प्रकार जमत नाही. फ्रीबीएसडी फाउंडेशननं लॅपटॉपसाठी खास काम हाती घेतलंय, त्यात हे पण आहे. तोपर्यंत बॅगेत टाकायच्या आधी शटडाउन.

प्रश्न: मी निवृत्त बँक कर्मचारी, मुक्काम सांगली. नातवानं लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो बंगलोरला गेला. आता मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ मागे पडलेलं असतं. सकाळी 10 वाजता पहाटेचे साडेचार दाखवतं. बॅटरी बदलायला हवी का?

उत्तर: काका, बॅटरीवर पैसे घालवू नका. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, त्यातच उत्तर आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि युनिक्स पद्धतीच्या सगळ्या सिस्टिम ग्रीनिचची वेळ लिहितात. मिंटनं इंटरनेटवरून वेळ घेऊन तिथं ग्रीनिचची लिहिली, विंडोजनं ती भारतातली समजून वाचली, झाले साडेपाच तास कमी. विंडोज नेटवर गेल्यावर थोड्या वेळानं ते सुधारतं आणि मिंटला गेलात की परत तेच.

मिंटमध्ये टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या: timedatectl set-local-rtc 1 (मधे दोन जागा सोडून). छोट्या इंग्रजी अक्षरांत. त्यानंतर मिंट पण स्थानिक वेळ धरेल. कमांड दिल्यावर मिंट एक इशारा छापेल की ही पद्धत चांगली नाही, त्याकडे दुर्लक्ष करा. तो मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळं पुढं-मागं करणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडे ती भानगड नाही. (न्यू जर्सीहून हाच प्रश्न विचारणाऱ्या वाचकानं मात्र हे करू नये, तुमच्याकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही सिस्टिम एकेक तास सरकवतील. तुम्ही विंडोजच्या रजिस्ट्रीत रियलटाइमइजयुनिव्हर्सल (RealTimeIsUniversal) हे मूल्य 1 करा आणि विंडोजलाच ग्रीनिचवर आणा.) फ्रीबीएसडीवाल्यांनी टीझेडसेटअप (tzsetup) परत चालवावं आणि सीमॉस घड्याळ यूटीसीवर आहे का विचारलं की नो म्हणावं.

प्रश्न: मॅकबुक एम2 आहे. युनिक्स ड्युअल बूट कसं करू?

उत्तर: मॅकओएस स्वतःच सर्टिफाइड युनिक्स आहे, टर्मिनल उघडा, झालं. बूट कॅम्प एम सिरीजवर नाही. तरी लिनक्सच हवं असेल तर एम1 आणि एम2 साठी असाही लिनक्स आहे आणि बऱ्यापैकी चालतं.

प्रश्न: सोलापुरात शिक्षक आहे. 2014 चा लॅपटॉप, 4 जीबी रॅम, विंडोज 10. सपोर्ट संपला म्हणतात. ड्युअल बूट करावं का?

उत्तर: सर, तुमच्या बाबतीत ड्युअल बूटच नको. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे ते शेजारी ठेवून त्यावर बँकेची कामं करण्यात अर्थ नाही. डेटा बाहेर काढा, हार्ड डिस्क असेल तर साधा साटा एसएसडी बसवा, त्यानं जो फरक पडेल तो कुठल्याही सिस्टिमनं पडणार नाही, आणि मिंटची एक्सएफसीई आवृत्ती एकटीच टाका. प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करता? आयबस-एम17एनमध्ये (लिनक्सवरचं भारतीय भाषा टाइप करायचं टूल) मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स दोन्ही आहेत. फक्त शाळेतल्या जुन्या फाइल्स श्रीलिपी किंवा तसल्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या असतील तर विंडोज पुसायच्या आधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या, नंतर फार त्रास होतो.

प्रश्न: ऑगस्ट 2024 मध्ये विंडोज अपडेट झालं आणि माझं उबंटू बूटच होईना, "एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड" असा मेसेज. तेव्हापासून मी विंडोज अपडेट बंदच ठेवलंय. बरोबर केलं का?

उत्तर: नाही. ते अपडेट खरंच गंडलं होतं, जुने असुरक्षित बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) अडवायचे होते आणि ड्युअल बूटवाल्या मशीनना ते लागू होणार नाही असं ठरलं होतं, तरी बऱ्याच जणांना लागलंच. पण 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते निस्तरलं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबंटूत जाऊन सगळे अपडेट घ्या, परत सिक्युअर बूट चालू करा, आणि विंडोजचे अपडेट आजच चालू करा. अपडेटनंतर उबंटू गायब झालं असं वाटलं तर आधी बायोसमधला बूटचा क्रम बघा, बऱ्याचदा विंडोज नुसतं वरच्या नंबरला जाऊन बसलेलं असतं.

प्रश्न: फ्रीबीएसडी बघून झालं, आता काढायचंय. पार्टिशन डिलीट केलं की झालं ना?

उत्तर: नवीन यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली पद्धत) मशीन असेल तर जवळपास तेवढंच. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आहे ना बघा आणि एकदा बूट करून खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून यूएफएस आणि स्वॅपची पार्टिशन डिलीट करा. विंडोजला ती ओळखता येत नाहीत, नाव न दिसता नुसता आकार दिसतो, म्हणून इन्स्टॉल करताना दिलेल्या आकारावरून ओळखा, आणि रिकव्हरी लिहिलेल्याला हात लावू नका. फॉरमॅट करायचं का असं विंडोज विचारत राहिलं तर कॅन्सल. मोकळी जागा सी ड्राइव्हला चिकटूनच असेल, कारण तिथूनच काढली होती, त्यामुळे एक्स्टेंड व्हॉल्यूम लगेच चालतं. बूट मेनूत फ्रीबीएसडीचं नाव उरलं तर ते बायोसमधून काढता येतं, नाही काढलं तरी काही बिघडत नाही. जुन्या बायोसवाल्या मशीनवर, ज्यात लिनक्स टाकलं असेल तर ग्रब (लिनक्सचा बूट मेनू) डिस्कच्या सुरुवातीलाच बसलेलं असतं, तिथं मात्र पार्टिशन उडवायच्या आधी विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून ठेवा, नाहीतर पुढच्या बूटला ग्रब रेस्क्यू लिहिलेली काळी स्क्रीन येईल आणि तिथून विंडोजचं बूट दुरुस्त करायला तो पेनड्राइव्हच लागेल.